खोटाच ठरवा, साहेब

नोकरीत पाहिलेले खून आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता मृतदेह कोणत्या विहिरीतला, हेही आज खात्रीने सांगता यायचं नाही. मुळशी तालुक्यातल्या एका बारावीच्या मुलीची चौकशी मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या प्रकरणात खून नव्हता की दरोडा नव्हता, आणि शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही. "साहेब, तुमच्या नोकरीतली सर्वांत वाईट केस कुठली?" असं कोणी विचारलं की मी हीच सांगतो आणि ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो, कारण त्याला रक्त हवं असतं. नावं आणि गाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे उरवडे रस्त्यावरचे कारखाने आणि मधून हिंजवडीकडे धावणाऱ्या कंपनीच्या गाड्या. सकाळची हजेरी झाली की विहिरीवरची मोटार गेली, बांध कोरला, भाडेकरूने खोली सोडायला नकार दिला, असल्या तक्रारी सुरू व्हायच्या. जमिनी विकून खोल्या बांधलेले शेतकरी आणि त्या खोल्यांत राहणारे कामगार यांच्या भांडणांत आमचा अर्धा दिवस जायचा.

हिवाळा सरत आला होता आणि बारावीची परीक्षा तोंडावर होती. एक मध्यमवयीन गृहस्थ ठाण्यात आले. कडक इस्त्री, खिशाला पेन, बोलणं अगदी मोजून मापून. खोट्या दिव्यांग दाखल्यांच्या बातम्या तेव्हा गाजत होत्या. गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमच्या हद्दीतल्या एका मुलीनं बोगस दाखला काढलाय. परीक्षेत लेखनिक घेते, वरून जादा वेळ घेते. चांगली धडधाकट आहे. रोज चालत कॉलेजला जाते, फोन बघते. तिच्या वडिलांनी स्वतः चार माणसांत कबूल केलंय की दाखला खोटा आहे म्हणून."

"तुमचं काय नुकसान झालं?" मी विचारलं.

"माझं कसलं? खऱ्या दिव्यांगांवर अन्याय होतो, म्हणून आलो. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका."

समाजसेवेचा असा अचानक झटका आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. पण माहिती नेमकी होती आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात खोट्या दाखल्याला शिक्षा आहे. मी प्राथमिक चौकशी माझ्याकडेच घेतली. जाता जाता गृहस्थांनी विचारलं, "निकाल कधीपर्यंत कळेल?" हे मला खटकलं. समाजाची काळजी असलेला माणूस कारवाई काय करणार ते विचारतो. हा तारीख विचारत होता.

कॉलेजात प्राचार्य मॅडमनी दाखल्याची प्रत दाखवली. जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचा शिक्का, सह्या, सगळं जागच्या जागी होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, अल्पदृष्टी, टक्केवारी नियमात बसणारी. लेखनिक म्हणजे परीक्षार्थीच्या वतीने उत्तरं लिहिणारा विद्यार्थी. तो एक इयत्ता खालचा असावा लागतो, म्हणजे त्यानं स्वतःच्या डोक्यानं उत्तरं लिहू नयेत. या मुलीला अकरावीतली एक मुलगी मिळाली होती. या लेखनिक मुलीचं कुटुंब बारावीच्या मुलीच्या वडिलांच्याच एका खोलीत भाड्याने राहत होतं.

"मॅडम, ही मुलगी तुम्हाला कशी वाटते?" मी विचारलं.

"हुशार आहे. पण खरं सांगू का साहेब, बघून तिला काही झालंय असं वाटत नाही. आमचा कागदावर विश्वास."

मी दाखल्याची प्रत घेतली, पडताळणीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला बरोबर घेऊन मुलीच्या घरी गेलो. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. घर गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पुढे अंगण, मागे भाड्याच्या खोल्यांची रांग. वडील पन्नाशीच्या आतले, अंगाने काटक. आम्हाला पाहून दचकले नाहीत. उलट आमची वाटच पाहत असल्यासारखे पुढे आले.

मी दाखल्याचं नाव काढताच म्हणाले, "खोटा हाय साहेब. म्याच काढलाय. एजंटाकडनं."

मुलगी दारात उभी होती. सडपातळ, शांत, नजर सरळ माझ्या तोंडावर. मी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, बाळ?"

"आप्पा म्हणत्यात ते खरं हाय. मला नीट दिसतंय."

एवढ्यावर कुणीही नवखा अधिकारी खूश होऊन गुन्हा दाखल करून मोकळा झाला असता. तक्रार आहे, आरोपी कबूल आहे, लाभ घेणारी कबूल आहे. मला ते पचेना. आमच्याकडे आलेला माणूस आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, मग आजारी पडतो आणि मग कुठे हळूहळू मार्गावर येतो. विचारायच्या आधी हो म्हणणारा माणूस एक तर दुसऱ्याला वाचवत असतो, नाही तर मोठं काही झाकायला छोटं उघडं करत असतो. मी वडिलांना ठाण्यात यायला सांगितलं.

ठाण्यात त्यांना बसवलं, चहा दिला आणि सरळ प्रश्न सुरू केले.

"एजंटाचं नाव?"

"ठावं न्हाई."

"कुठं भेटला?"

"दवाखान्याच्या भाईर. टपरीवर."

"दिसायला कसा होता?"

"आपल्यासारखाच की."

खोटं बोलणाऱ्याला उलटसुलट प्रश्न विचारून दमवायचं, असं लोकांना वाटतं. माझी पद्धत वेगळी होती. मी त्याला सगळा दिवस ओळीने सांगायला लावायचो. माणूस खोटं एकाच जागी पेरतो. बाकीचा दिवस त्याला रचता येत नाही, मग तो खराच सांगत सुटतो. मी कागद पुढे ओढला आणि म्हणालो, "दाखला काढायला गेलात त्या दिवशी घरातनं निघाल्यापासून काय काय झालं ते सांगा. घाई नाही."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. सकाळची एसटी, पोरीला गाडी लागली, केसपेपरची रांग, या खिडकीवरून त्या खिडकीवर. मी लिहीत होतो.

"मंग तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत न्हेलं. तितं पांढरं मोठं टोपलं आस्तंय बघा मशीनीचं. त्यात हनवटी ठिवून बसायचं. एक डोळा झाकत्यात. आत बारीक बारीक दिवं लागत्यात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं."

माझं लिहिणं थांबलं. "तुम्ही बाहेर होतात ना?"

"न्हाई, मला बसू दिलं हुतं, कोपऱ्यात. पोरगी भेली हुती म्हणून. मशीनीचा बारीक आवाज येतुया साहेब, दिवा हलला की. आवाज यायचा आन ही बटणच दाबायची न्हाई. मधला दिवा लागला की दाबायची. कडंचं लागलं की नुसती बसायची. मी आपला मनात म्हणतुया, दाब की गं. दाब की..."

आपण काय सांगून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"दाखला विकत घेणाऱ्याला कोणी दिवे दाखवत बसत नाही," मी म्हणालो.

त्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी दार लोटून घेतलं. पन्नाशीला टेकलेला शेतकरी असा ढसाढसा रडताना पाहवत नाही, आणि आमच्या ठाण्यात माणसं ऐकायला टपलेली असतात.

मग सगळं बाहेर आलं. थोरल्या मुलीची सोयरीक जमत आली होती. ती हिंजवडीत एका कंपनीत कामाला, मुलगाही तिकडेच नोकरीला, पण घर परजिल्ह्यातलं. पाहणं झालं होतं, पसंती झाली होती, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. सुपारी फुटेपर्यंत मुला-मुलीने एकमेकांशी बोलायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत. एवढ्यात कुठून तरी बातमी तिकडे पोचली की धाकटी मुलगी परीक्षेला लेखनिक घेते, तिला दिसत नाही म्हणे. लेखनिक मुलीनं घरी सांगितलं असणार, तिच्या आईनं नळावर सांगितलं असणार. मुलाकडच्यांनी बैठकीत सरळ विचारलं. हा आजार घराण्यात उतरतो, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. वडिलांच्या आईला दिवस मावळल्यावर दिसायचं नाही. घरात तिला 'म्हातारीला अंधार सोसत न्हाई' म्हणायचे आणि विषय संपवायचे.

"मंग मी सांगून टाकलं," वडील म्हणाले, "म्हटलं पोरीला कायबी झालेलं न्हाई. टायम जास्त मिळतुया म्हणून दाखला काढलाय. सगळंच काढत्यात."

"म्हणजे लबाड ठरलेलं चाललं, मुलगी अल्पदृष्टी ठरलेली चालत नाही?"

"लबाडाच्या घरात पोरगी देत्यात साहेब. करत्यात बी. आंधळ्याच्या घरातली करत न्हाईत." मग त्यांनी माझ्या टेबलावर हात ठेवले. "तुमी खोटाच ठरवा, साहेब. मला आत टाका. मी कुटं न्हाई म्हणतुया? पर लग्न हुईस्तवर तेवढं खोटंच ऱ्हाऊ द्या."

सुटण्यासाठी हात जोडणारे पुष्कळ पाहिले. मला अटक करा म्हणून हात जोडणारा तेवढा एकच. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्हींतली कुठलीच गोष्ट कामाची नव्हती. खरा दाखला मी खोटा कसा ठरवणार? तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हेही सांगितलं की लेखनिक आणि जादा वेळ ही कोणाची मेहेरबानी नाही, तो तिचा हक्क आहे. त्या मुलीला समोरचा एवढासा तुकडा दिसतो. ओळ संपली की पुढची ओळ शोधण्यात तिचा वेळ जातो. तो गेलेला वेळ भरून देतात, फुकटचा देत नाहीत. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, साहेब बोलतायत म्हणून.

"तुम्ही दाखला खोटा आहे म्हणालात, तेव्हा बैठकीत कोण कोण होतं?" मी शेवटी विचारलं.

"घरातलीच. आन पोराचा मामा. तेच सगळं बघत्यात. लई बारीक मानूस. खिशाला पेन लावून आस्त्यात."

आता माझं डोकं तापलं. दोन दिवसांनी शल्यचिकित्सकांचं उत्तर आलं की दाखला खरा आहे, तपासणी रीतसर झालेली आहे. त्याच दिवशी पेनवाले गृहस्थ ठाण्यात हजर झाले. मधल्या काळात त्यांनी ठाणे अंमलदाराला रोज फोन करून भंडावलं होतं. मी त्यांना आत घेतलं, पण बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही नवऱ्या मुलाचे मामा ना?"

ते जरा चपापले, पण लगेच सावरले. "हो. त्यात काय चुकलं? मुलीचं घर बघताना माणूस चौकशी करतोच की, साहेब."

"मग गावात चार माणसांना विचारायचं. सोयरिकीच्या चौकशीला पोलीस खातं लावलंत?"

"गावातली माणसं खरं सांगत नाहीत. एकमेकांना सांभाळून घेतात. तुम्ही कागद तपासता. आमचंही बरोबर आहे ना? दाखला खोटा असेल तर मुलगी निरोगी, आमची हरकत नाही. खरा असेल तर आम्हाला विचार करावा लागेल."

म्हणजे याला परीक्षेचं काही पडलं नव्हतं, खऱ्या दिव्यांगांचंही नव्हतं. याला दाखला खोटा निघालेलाच हवा होता. होणाऱ्या सुनेचा बाप तुरुंगात गेला असता तरी यानं आनंदानं अक्षता टाकल्या असत्या. त्याला कोठडीची हवा दाखवावी असं मला फार वाटलं, पण कलम सापडेना. खोटी खबर दिली म्हणावं, तर वडिलांनीच त्याला तसं सांगितलेलं होतं.

"चौकशीतली माहिती मी तुम्हाला देणार नाही," मी म्हणालो. "कोणाच्या आजाराची तर नाहीच नाही."

"बरोबर आहे. फक्त एवढंच सांगा, गुन्हा दाखल होतोय का?"

सापळा मला दिसत होता, पण बाजूला व्हायला जागा नव्हती. हो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. गप्प राहणं म्हणजे उत्तर देणंच. आज ना उद्या त्यांना कळणारच होतं.

"नाही," मी म्हणालो.

"कळलं साहेब. आभारी आहे." त्यांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले. मी चौकशी बंद केल्याचा अहवाल लिहिला. गुन्हा घडलेला नाही, दाखला खरा आहे. पोलिसांच्या दृष्टीने विषय संपला होता.

आठवडाभरात प्राचार्य मॅडमचा फोन आला. मुलीच्या वडिलांनी अर्ज दिला होता की आमच्या मुलीला लेखनिक नको, जादा वेळ नको, सगळी सवलत रद्द करा. खाली मुलीचीही सही.

"तुम्ही घेतलात तो अर्ज?" मी विचारलं.

"पालक आहेत ते. मुलगी अजून सज्ञान नाही. आणि सवलत मागितली तर द्यायची, साहेब. जबरदस्तीनं कशी देणार?"

मॅडमच्या आवाजात थोडी सुटकाही होती. पोलीस कॉलेजात येऊन गेल्यापासून त्यांना या भानगडीचा धसका बसला होता. मी पुन्हा त्या घरी गेलो. लेखनिक मुलीच्या कुटुंबाला खोली सोडायला लावलेली होती, दाराला कुलूप होतं. वडील घरी नव्हते. मुलगी अंगणात उन्हाला पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक तोंडाजवळ, बोट ओळीवर, आणि बोटाबरोबर मान हळूहळू सरकत होती. मी कडेने जवळ जाऊन उभा राहिलो तरी तिला कळलं नाही. हाक मारली तेव्हा दचकली.

"अर्जावर सही का केलीस?" मी विचारलं.

"ताईची सुपारी हाय परीक्षा झाल्यावर. त्यास्नी दाखवायचंय, मी बिनलेखनिकाची परीक्षा दिली म्हणून."

"आणि पेपर पुरा होणार का तुझा?"

"जेवढा हुईल तेवढा लिवीन."

"अगं, कायद्यानं दिलेला हक्क आहे तो तुझा. कोणी काढून घेऊ शकत नाही."

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "कायद्यात आसंल, साहेब. पर मला हितं ऱ्हायचंय, ह्या घरात. ताईचं लगीन माझ्यापायी मोडलं, आसं जल्मभर कोण ऐकून घ्यायचं?"

सतरा वर्षांच्या पोरीला यावर काय सांगायचं, ते पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी एवढंच म्हणालो की विचार बदलला तर मला फोन कर, मी मॅडमशी बोलतो. तिने हो म्हटलं. फोन आला नाही.

परीक्षा सुरू झाली. केंद्रावर कॉपी होऊ नये म्हणून आमचा बंदोबस्त असतो. वर्गात आम्हाला जाता येत नाही, फाटकाबाहेर उभं राहायचं आणि भिंतीवरून चिठ्ठ्या टाकणाऱ्यांना हाकलायचं. पहिले काही पेपर सुरळीत गेले. अर्थशास्त्राच्या पेपराला बोर्डाचं भरारी पथक आलं, आणि थोड्या वेळाने शिपाई मला बोलवायला आला. केंद्रसंचालक म्हणून मॅडमच काम बघत होत्या. त्यांच्या खोलीत गेलो तर टेबलापुढे तीच मुलगी उभी.

पथकाचे प्रमुख सांगत होते, "सारखी मान वळवून शेजारणीच्या पेपरात बघत होती. पर्यवेक्षकांनी दोनदा ताकीद दिली तरी चालूच. आमच्या डोळ्यांदेखत."

"सर, तिची नजर फार कमी आहे," मी म्हणालो. "मान वळवल्याशिवाय तिला स्वतःचं पानसुद्धा पुरतं दिसत नाही."

"तशी नोंद आहे का?"

मॅडमनी फाईल उघडली. "होती. पालकांच्या अर्जावरून रद्द केली आहे."

"माझ्याकडे रुग्णालयाचं उत्तर आहे. ठाण्यातून आत्ता मागवतो."

"मागवा. पण विद्यार्थिनी काय म्हणते ते आधी बघू." प्रमुख तिच्याकडे वळले. माणूस दुष्ट नव्हता, आवाजही चढा नव्हता. "बाळ, तुला दिसायला काही त्रास आहे का?"

मी तिच्याकडे बघत होतो. एकदाच हो म्हण, असं मनातल्या मनात म्हणत होतो. खोलीत आम्ही तिघं सरकारची माणसं आणि त्या एका शब्दासाठी अडून बसलेलो.

"न्हाई. मला नीट दिसतंय."

"मग मान का वळत होती?"

ती म्हणाली, "बघत हुते. तिच्या पेपरात."

लेखी जबाब द्यायला सांगितला. ती खुर्चीवर बसली. कागद डोळ्यांशी नेला, पेन टेकवलं, मान वळवून ओळीची सुरुवात शोधली. एक एक अक्षर. ओळ उतरत उतरत खालच्या ओळीवर चढली. दोन-चार वाक्यांचा जबाब लिहायला तिला एवढा वेळ लागला की पथकाच्या प्रमुखांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. पुरावा सगळ्यांच्या समोर बसलेला होता आणि आम्ही तो कधी लिहून होतोय याची वाट बघत होतो. माझा शिपाई रुग्णालयाचं पत्र घेऊन आला, तोवर तिची सही झाली होती. ते पत्र सोबत जोडलं गेलं. कबुलीपुढे जोडपत्राला कोण विचारतो?

परीक्षा संपल्यावर बोर्डाच्या चौकशीआधी मी पुन्हा तिच्या घरी गेलो. तिने खरं सांगितलं तर अजून काही करता येईल असं मला वाटत होतं. वडील पायरीवर बसले होते, मुलगी दाराशी. मी तिला समजावलं की नवा जबाब दे, मी स्वतः घेऊन जातो.

"सुपारी हुंदे साहेब. मंग देते," ती म्हणाली. "आता चारच दिवस ऱ्हायलं."

वडिलांनी खाली मान घातली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सुपारी न्हाई हुयाची."

"म्हंजी?"

"त्यांनी न्हाई म्हणून सांगितलंय. मामाचा फोन आलता."

तिने मान वळवून त्यांचा चेहरा शोधला. "कवा?"

"पयल्या पेपराच्या आदल्या दिशी."

ती शांतपणे विचारत होती. "ताईला ठावं हाय?"

"कुणालाच न्हाई."

"मंग मला का न्हाई सांगितलं, आप्पा?"

"तुजी परीक्षा हुती ना," ते म्हणाले. "म्हटलं, डोक्याला ताप नगं."

आपल्याकडे घराघरांत हे चालतं. परीक्षा सुरू असताना आजोबा गेले तरी शेवटचा पेपर होईपर्यंत मुलांना कळू देत नाहीत. कोणी वाईट हेतूने करत नाही. त्या माणसाने सुद्धा पोरीवरच्या मायेनेच तोंड मिटून ठेवलं होतं. ज्या लग्नासाठी तिने लेखनिक सोडला, वेळ सोडला, आणि वर न केलेली कॉपी कबूल केली, ते लग्न तिने पहिल्या उत्तरपत्रिकेवर क्रमांक घातला त्याआधीच मोडलेलं होतं.

ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. "लिवून घ्या साहेब," म्हणाली, "मला दिसत न्हाई."

मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिची सही घेतली आणि स्वतः बोर्डात नेऊन दिलं. चौकशीत तिचे दोन जबाब समोरासमोर आले, एकमेकांच्या उलटे. शिक्षा टाळायला नंतर बदललेला जबाब म्हणून दुसरा बाजूला ठेवला गेला. कायद्याच्या दृष्टीने त्यांचं फारसं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मीही अशा बदललेल्या जबाबांवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या परीक्षेतली तिची संपादणूक, म्हणजे सगळ्याच पेपरांचा निकाल, रद्द झाली. माझी बदली झाली तोवर तरी तिने पुन्हा फॉर्म भरलेला नव्हता.

या केसनं मला एक शिकवलं. आम्ही पोलीस सारी हयात माणसाच्या तोंडून कबुली काढण्यात घालवतो. कबुली आली की तपास संपला, असं मानतो. पण खरं बोलणं जिथे फार महाग पडतं, तिथे माणसं गुन्हासुद्धा हसत कबूल करतात. तेव्हापासून पटकन मिळालेली कबुली मला शंकेची वाटायला लागली, आणि निवृत्त होईपर्यंत ती शंका गेली नाही. दुसरी गोष्ट खात्याच्या बाहेरची आहे. त्या मुलीसाठी कायदा होता, वैद्यकीय मंडळ होतं, शिक्का मारलेला दाखला होता. कमी होतं ते एवढंच की 'मला दिसत नाही' हे वाक्य तिला आपल्या घरात बोलायची मुभा नव्हती. ते ती पहिल्यांदा बोलली तेव्हा ऐकायला मी होतो आणि तिचा बाप होता. मुलगी सज्ञान नसल्याने जबाबाखाली पालकाची सही लागत होती. त्याने पेन घेतलं आणि सही केली.